फेसाचं पाणी

राग आला की माणसं भांडी आपटतात, दारं आपटतात, फारच झालं तर समोरच्याला धोपटतात. इस्त्रीबाई यातलं काही करत नसे. ती राग धुवायची, वाळवायची, त्याला खळ घालायची आणि चारी कोपरे जुळवून घडी करून ठेवायची. वर्षानुवर्षं. कसर लागू नये म्हणून मधूनमधून काढून उन्हात टाकायची, एवढंच.

तिचं दुकान सायकलवाल्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मध्ये होतं. पुढं लांबलचक टेबल, टेबलावर दोन ब्लँकेटं, त्यावर जुनी चादर आणि चादरीवर इस्त्रीच्या आकाराचे सात तपकिरी डाग. हे सातही डाग नवऱ्याचे. नवऱ्याला सगळे 'बघू' म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर तेच असे. "संध्याकाळपर्यंत शर्ट मिळेल का?" "बघू." "पँटचा डाग निघेल का?" "बघू." "अहो, काहीतरी जळतंय!" "बघू." माणूस सोन्यासारखा, पण कुठल्याही निर्णयाच्या उंबऱ्यावर चपला काढून तासन्‌तास उभा राहणारा.

दुकानाच्या मागच्या दाराबाहेर धुण्याचा दगड, वाळवणीच्या दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या पलीकडे दीड एकराचं शेत नि विहीर. आजूबाजूची वस्ती वाढत वाढत शेताला येऊन टेकली होती, त्यामुळं गव्हाच्या कडेला शर्ट वाळताना दिसत आणि बुजगावण्याची वेगळी गरज पडत नसे.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण होती. कॉलरच्या आतल्या बाजूला, न जाणाऱ्या काळ्या शाईनं काढलेली. डॉक्टरांचे दोन ठिपके, शाळेच्या मोठ्या बाईंचा त्रिकोण. मोठ्या दिरांचा, म्हणजे बघूच्या थोरल्या भावाचा, पूर्वी गोल होता. गेली दोन वर्षं त्याची फुली झाली होती.

"फुली का गं, धाकटे?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"गोल पुसट होतो हो भाऊजी. फुली कशी, पक्की बसते."

भाऊजींना पांढऱ्या शर्टाशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. आठवड्याचे सहा शर्ट, सगळे पांढरे, सगळे धाकट्या भावाच्या दुकानात. आणि घरचं माणूस म्हणून सगळे आधी. ज्या दिवसापासून फुली आली, त्या दिवसापासून इस्त्रीबाईनं त्यांच्या कॉलरला दुप्पट खळ घालायला सुरुवात केली. मग तिप्पट. कॉलर अशी उभी राही की भाऊजींना मान म्हणून वळवता येत नसे. कुणी मागून हाक मारली की तोफ फिरवावी तसं अख्खं अंग फिरवावं लागे. मानेवर लाल वळ उठत. दुकानाच्या दारातून हे बघताना इस्त्रीबाईच्या काळजाला थंडावा मिळे.

पण सुडाचंही नशीब लागतं. तिच्या खळीमुळं भाऊजींचा रुबाब वाढला! "काय भारदस्त माणूस! इकडं तिकडं बघत नाही," असं लोक म्हणायला लागले. हे कानावर आलं त्या दिवशी तिनं रागाच्या भरात डॉक्टरांच्या पँटला दोन-दोन चुण्या पाडल्या.

आता या रागाचं मूळ. वाटणी झाली तेव्हा तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. तेच तर दुखणं होतं. आपला वाटा तिनं आपल्या हातानं निवडला होता.

दोन भाऊ, दीड-दीड एकराचे दोन तुकडे, मधे बांध, आणि बांधाच्या दोन्ही अंगांना एकेक विहीर. तोवर सगळी शेती थोरलेच बघायचे. दुकानामागचा तुकडा त्यांनी तीन वर्षं पडीक ठेवला होता. "जमिनीलाही विश्रांती लागते," असं म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढं मन या माणसाचं!

"धाकटे, आधी तू निवड," वाटणीच्या दिवशी ते चारचौघांत म्हणाले. "घरात सगळ्यांत शेवटी तू आलीस, तेव्हा पहिला मान तुझा."

एवढा मान तिला जन्मात कुणी दिला नव्हता. तिनं पिशवीतून कपड्यांच्या साबणाची वडी काढली. धुणाऱ्या बाईनं पाण्याची पारख दुसऱ्या कशानं करायची? घरालगतच्या विहिरीचं पाणी बादलीत घेऊन तिनं साबण घासला. साबण फाटला. पाण्यावर राखाडी कण तरंगायला लागले, फेस नावाला नाही. चव घेतली तर किंचित मचूळ. मग दुकानामागच्या विहिरीचं पाणी. साबण टेकवायचा अवकाश, फेस कोपरापर्यंत चढला. पाणी हाताला रेशमासारखं, जिभेला गोड.

"हे!" ती म्हणाली.

थोरल्यांनी उसासा सोडला. "उत्तम ते उचललंस, धाकटे. आमच्या नशिबी उरलेलं." आणि रुमालानं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. तो रुमालही तिनंच इस्त्री केलेला होता.

पुढचे दोन दिवस इस्त्रीबाईला भाऊजींची दया येत होती. आपण फार हावरटपणा केला, असं वाटून तिनं त्यांचे शर्ट फुकट नीळ घालून दिले. नंतर आयुष्यभर तिला सगळ्यांत जास्त झोंबलं ते हे. फसवलं ते एक वेळ ठीक. पण वर आपल्याकडून दयाही काढून घेतली!

पहिला गहू पेरला आणि शेतानं आपलं खरं रूप दाखवलं. पाणी दिलं की ते आत मुरेना, आठ-आठ दिवस तसंच तुंबून राही, वर काळपट तेलकट तवंग. वाळलं की जमीन पत्र्यासारखी वाजे. कोंब उगवले ते टकलावर इथंतिथं केस राहावेत तसे, आणि उगवले तेही पिवळे. सुगीला भरली चार पोती. बांधापलीकडं थोरल्यांची बावीस.

थोरले पांढरा शर्ट घालून बांधावर उभे राहिले. शेजारचे दोघंतिघं होतेच. "धाकटे," ते म्हणाले, "गव्हाला हात लागतो गं. तुझे हात साबणाचे. त्याला बिचारा गहू काय करणार? घसरतो!"

सगळे हसले. बघूसुद्धा हसला, आणि त्याबद्दल त्याला आठवडाभर अळणी जेवावं लागलं.

इस्त्रीबाईनं बाटलीत पाणी भरलं आणि माती-पाणी तपासणी केंद्र गाठलं. तिथं एक किडकिडीत गृहस्थ शेकडो बाटल्यांच्या मधे बसलेले असत, म्हणून त्यांना सगळे बाटलीमास्तर म्हणत. मास्तरांनी पाण्यात कसल्यातरी औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी लाजल्यासारखं गुलाबी झालं.

"बाई, या पाण्यावर गहू घेतलात?"

"पाणी गोड आहे, मास्तर. फेस बघा किती येतो."

"फेस येतो हेच तर रडगाणं आहे." मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "धुण्याचा सोडा माहीत आहे ना? तुमच्या विहिरीत त्याचाच भाऊ बसलाय. जिभेला कळत नाही, पण पाण्याच्या दर पाळीला तुम्ही जमिनीला सोडा पाजताय. त्यानं मातीचे कण सुटे होतात, बारीक भोकं बुजतात. मग पाणी आत जात नाही, मुळांना वारा मिळत नाही. भिजली की साबण, वाळली की वीट. चोपण म्हणतात असल्या जमिनीला. खारट पाणी निदान तोंडावर सांगतं, मी वाईट आहे. हे गोड बोलून गळा कापतं."

इस्त्रीबाईच्या डोळ्यांसमोर एक पांढरा शर्ट उभा राहिला.

मास्तर नोंद करायला जाडजूड वही उघडून बसले, आणि शेताचा नंबर लिहिता लिहिता थांबले. "अरे! हे पाणी मी आधी पाहिलंय." त्यांनी मागची वही काढली, बोट फिरवलं. "हे बघा. वाटणी कधी झाली म्हणालात? त्याच्या तीन वर्षं आधीची तारीख आहे. निकाल घेऊन गेलेत, सहीसुद्धा आहे."

सही तिनं लगेच ओळखली. शेवटच्या अक्षराची शेपटी कागद सोडून बाहेर फिरायला निघालेली. आणि सहीच्या वर मास्तरांच्याच अक्षरात शेरा होता: 'पाणी गव्हास धोक्याचे. जिप्सम व भरपूर शेणखत दिल्यास जमीन सुधारते.'

म्हणजे भाऊजींना माहीत होतं. ती साबण घासत असताना, फेस कोपरापर्यंत चढत असताना, ती "हे!" म्हणून ओरडत असताना या माणसाच्या घरात हा कागद होता. त्यांनी नुसतं तोंड मिटून घेतलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तिथून परत फिरून पोटात आली आणि तिथंच वस्तीला राहिली.

"मास्तर, याची नक्कल मिळेल?"

"मिळेल की. कशाला हवी?"

"इस्त्री करायचीय."

ती घरी आली तर बघू नखं खात बसला होता. हे चांगलं लक्षण नव्हतं.

"दादा आला होता," तो म्हणाला. "म्हणत होता, ते शेत तुम्हाला झेपायचं नाही. आणखी दोन सुग्या बघा. तिसऱ्या सुगीलासुद्धा त्याच्या निम्मं पिकलं नाही, तर त्याला देऊन टाकायचं. घरचं घरात राहील. बदल्यात तो घरामागची पडवी देईल, सामान ठेवायला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बघू."

"मग ठीक आहे."

"नाही, मग तो म्हणाला, शब्द दे." बघूनं जमिनीकडं पाहिलं. "मग दिला."

आयुष्यात एकदाच हा माणूस ठामपणे काही बोलला होता, आणि तेही हे!  आता इस्त्रीबाईला शेऱ्याची दुसरी ओळ कळली. जमीन सुधारते, हेही थोरल्यांनी वाचलेलं होतं. धाकटी थकली की शेत परत घ्यायचं आणि मग जिप्सम टाकायचं. पडवीच्या बदल्यात.

तिनं बघूला कागद दाखवला. बघूनं तो दोनदा वाचला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'बघू' निघालं नाही. "चल, आत्ताच जाऊन दाखवू त्याला," तो म्हणाला.

"आत्ता नाही. आत्ता दाखवला तर म्हणतील, विसरलो होतो. लोक म्हणतील, चार पोत्यांची बाई बोंबलतेय. आधी पोती, मग कागद."

तिनं कागदावर कोमट इस्त्री फिरवली आणि तो टेबलावरच्या दोन ब्लँकेटांच्या मधे सरकवून दिला. त्या दिवसापासून ती जो शर्ट, जी पँट, जी चादर दाबत होती, त्या सगळ्यांखाली तो कागद दाबला जात होता. त्याच दिवशी भाऊजींच्या गोलावर फुली आली.

आणि मग सुरू झाला एक विलक्षण सूड, ज्यात सूड घेणारीच घामानं निथळत होती आणि ज्याच्यावर घ्यायचा तो सावलीत उभा राहून गंमत बघत होता. जिप्समची पोती आली. पांढरी भुकटी. ती घमेल्यात घेऊन इस्त्रीबाई शेतभर मुठीमुठीनं उधळायची. प्रत्येक मूठ कुणाच्या तोंडावर मारतोय अशी. बघू मागं मागं माती हलवत यायचा आणि म्हणायचा, "अगं, सारखी पडू दे, एकाच जागी नको." कारण बांधाच्या कडेला, जिथून थोरल्यांचं घर दिसे, तिथं जिप्सम जरा जास्तच पडत होतं.

मास्तरांनी सांगितलं म्हणून तिनं हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला. चांगला कमरेएवढा हिरवागार वाढला, आणि फुलावर येतोय तोच तिनं तो नांगराखाली गाडून टाकला. बांधावरून आवाज आला, "धाकटे, आलेलं पीक गाडतेस? मला वाटलं, धुणं फक्त कपड्यांचं करतेस, आता संसाराचंही!"  त्या आठवड्यात कॉलरची खळ चौपट झाली.

शेणखत टाकलं. मास्तरांकडून असल्या पाण्यात तग धरणारं बी आणलं आणि नेहमीपेक्षा दाट पेरलं. पाणी एकदम भसाभस न देता थोडं थोडं, पण वेळच्या वेळी दिलं. दुसऱ्या सुगीला पोती भरली नऊ.

"नऊ!" बघू हरखला.

"निम्म्याला अकरा लागतात," ती म्हणाली. "आनंद आत्ताच वापरून टाकू नका."

तिसऱ्या वर्षी तिनं विटांची हौदी बांधून घेतली. तळापासून आधी चार बोटं, मग पाणी नीट चढेना म्हणून वीतभर उंचीवर लोखंडी जाळी, जाळीवर जिप्समचे खडे. विहिरीचं पाणी खालून शिरायचं, खड्यांमधून वर चढायचं आणि मग पाटात पडायचं. मास्तर म्हणाले होते, "पाणी शेतात जायच्या आधीच त्याचा सोडा मोडायचा. बरोबर मोडतोय का ते बघायला महिन्याला एक बाटली माझ्याकडे आणा."

महिनाभर थांबेल तर ती इस्त्रीबाई कसली! पहिल्याच दिवशी तिनं दोन घमेली घेतली. एकात हौदीत जाणारं पाणी, दुसऱ्यात हौदीतून बाहेर पडलेलं. आणि पिशवीतून तीच ती वडी काढली. पहिल्या घमेल्यात फेस उतू गेला. दुसऱ्यात साबण फाटला. पाण्यावर राखाडी कण तरंगायला लागले. अगदी थोरल्यांच्या विहिरीसारखे!

ती अशी खदखदून हसली की बघू हातातली इस्त्री तशीच घेऊन पळत आला.

"काय झालं?"

"मेला!"

"कोण?" बघू पांढराफटक पडला. त्याला वाटलं, दादा.

"फेस मेला! फेस मेला की गहू जगतो. कळलं का? ज्या साबणानं मला गंडवलं ना, तोच आता माझा तराजू."

"मग कपडे कशात धुवायचे?"

"कपड्यांचं पाणी हौदीच्या आधी काढायचं. गव्हाचं नंतर."

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी हौदीबाहेरच्या पाण्याला साबण लागे. फेस परत धरायला लागला की समजायचं, खडे झिजले; नवे भरायचे. खडे भरताना प्रत्येक खड्यात तिला भाऊजींचा एकेक दात दिसे आणि तो ती जाळीवर आपटूनच ठेवी. गहू मात्र या भानगडीत नव्हता. तो आपला सरळ, हिरवा, भरघोस वाढत होता.

त्या वर्षी पाणी सगळीकडंच खाली गेलं होतं. ओंब्या भरायला लागल्या तेव्हा एका सकाळी मोठी जाऊ दुकानात आली. हातात गाठोडं नाही. तशी ती बाई मनानं वाईट नव्हती, फक्त तिच्या पोटात काही राहत नसे.

"अगं, यापुढं आमचे कपडे नाहीत हो तुला," ती आल्या आल्या म्हणाली. "आमची विहीर आटत आली होती ना, तर ह्यांनी तळाला खोल बोअर मारला. आणि पाणी लागलंय म्हणतेस, साखर! पूर्वीचं ते मचूळ पाणी गेलं बाई एकदाचं. साबण लावायचा अवकाश, फेस बादलीत मावत नाही. ह्यांचे शर्ट आता घरीच. आणि खरं सांगू? तुझ्या कॉलरनं ह्यांच्या मानेला घट्टे पडलेत."

इस्त्रीबाईचा हात जागच्या जागी थांबला. खालच्या चादरीतून धूर यायला लागला, तरी तिला कळलं नाही. चादरीवर आठवा डाग पडला. तिचा पहिला.

"छान झालं हो, जाऊबाई," ती म्हणाली.

जाऊ गेली आणि इस्त्रीबाई स्टुलावर बसली. तिच्या पोटातली ती वस्तीला राहिलेली आग उठून नाचायला लागली. आता थोरल्यांचं शेतही सोडा पिणार. एक पाळी, दोन पाळ्या, एक हंगाम, दोन हंगाम. पाणी तुंबणार, जमीन पत्र्यासारखी वाजणार, गहू टकलावरच्या केसांसारखा उगवणार. आणि तिनं करायचं काय? काहीही नाही. तोंड मिटून बसायचं. जसे ते बसले होते. इतका नेमका, इतका अंगाबरोबर शिवलेला सूड तिनं स्वतः माप घेऊन शिवला असता तरी असा बसला नसता.

बघूच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "अगं, म्हणजे दादाचं पाणीपण आता..."

"हो."

"मग त्याला सांगायला नको?"

इस्त्रीबाईनं इस्त्री उचलली. "बघू," ती म्हणाली.

तिसरी सुगी झाली. धान्य मोजायच्या मोठ्या शेडमध्ये, पत्र्याखाली, भुशाच्या धुरळ्यात सगळे जमले होते. काटेवाला पोतं चढवायचा, आकडा ओरडायचा आणि पुढचं ओढायचा. थोरल्यांची आधीच झाली होती: वीस. बोअर सुगीच्या तोंडावर मारलेला, त्यामुळं जमिनीनं अजून तक्रार केली नव्हती. थोरले खुर्चीवर बसले होते, घरी धुतलेला, बगळ्यासारखा शुभ्र शर्ट, कॉलर मऊ. मान इकडून तिकडं आरामात फिरत होती. आपल्याला मान आहे याचा शोध त्यांना दोन वर्षांनी लागला होता.

काटेवाला ओरडत होता. नऊ. दहा. अकरा. अकराला, म्हणजे थोरल्यांच्या निम्म्याच्या वर गेल्यावर, बघूनं डोळे मिटले, मग तो ते उघडायचंच विसरला. बारा. तेरा. चौदा. पंधरा. सोळा. सतरावं पोतं काट्यावर चढलं तेव्हा शेडमधला गलका हळूहळू बसत गेला.

"सतरा! चार पोत्यांच्या शेतात?" कुणीतरी म्हणालं. "हात लागला म्हणायचा गव्हाला!"

इस्त्रीबाईच्या पिशवीत तो कागद होता. दोन वर्षं तिनं मनात या क्षणाची तालीम केली होती: कुठं उभं राहायचं, कागद कसा उलगडायचा, आवाज कुठं चढवायचा. ती कागद अर्धा बाहेर काढून एक पाऊल पुढं आली. पण थोरल्यांनी आधीच तोंड उघडलं होतं.

"नशीब उघडलं हो धाकटे तुझं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चांगलं आहे. एकच विहीर गोड, म्हणून लोक आम्हाला चिडवायचे. आता आमचंही पाणी गोड झालंय. साबणाला असा फेस येतो की विचारू नका. पुढच्या सुगीला पंचवीसच्या खाली येणार नाही, लिहून ठेवा!"

गप्प बसायचं होतं. सगळं ठरलेलं होतं. एक हंगाम, फार तर दोन, नुसतं गप्प. पण सूड म्हणजे खळ घातलेली कॉलर, ती मुडपून ठेवली की मोडते. इस्त्रीबाईनं कागद आत सरकवला, रुमाल काढला आणि अगदी सावकाश, गोड आवाजात म्हणाली, "उत्तम ते उचललंत, भाऊजी. आमच्या नशिबी उरलेलं."

आणि रुमालानं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

लोकांना त्यात काही वाटलं नाही. बाई नम्र आहे म्हणाले. पण थोरले हसता हसता थांबले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग रुमालाकडं, मग खाली आपल्या शर्टाकडं. तो लख्ख, फेसाच्या पाण्यात धुतलेला शर्ट ते असे बघत राहिले जणू कुणी त्यावर काही लिहून ठेवलंय. त्या दिवशी कॉलरला खळ नव्हती, तरी त्यांची मान वळेना.

"तू सांगून टाकलंस त्याला," घरी जाताना बघू म्हणाला.

"मी काही सांगितलं नाही. त्यांचं वाक्य त्यांना धुऊन परत दिलं." मग चार पावलं गेल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "एका वाक्याचा मोह आवरला असता ना, तर अख्ख्या हंगामाचा सूड पदरात पडला असता! जिभेनं घात केला."

बघू बराच वेळ स्वतःशीच हसत होता.

चौथ्या दिवशी थोरले दुकानात आले. हातात सहा शर्टांचं गाठोडं, निमित्त म्हणून. दुकानात डॉक्टर होते, शाळेच्या मोठ्या बाई होत्या, आणि चष्मेवाला चहाचा कप घेऊन दारात टेकला होता.

"धाकटे, जरा बोलायचं होतं."

"नंबर लावा, भाऊजी."

आयुष्यात पहिल्यांदा थोरले रांगेत उभे राहिले. डॉक्टरांचं झालं, मोठ्या बाईंचं झालं. पण कुणीच हललं नाही, कारण इस्त्रीबाईनं चादर बाजूला सारून ब्लँकेटांच्या मधे परत ठेवलेला तो कागद काढला होता. दोन वर्षं दाबलेला. इतका सपाट की हवेत धरला तरी वाकेना.

"ही सही ओळखता?"

थोरल्यांनी बघितलं आणि घसा खाकरला. "विसरायला झालं असेल गं..."

"मोठ्यानं वाचा. सहीच्या वरची ओळ."

"चष्मा नाही आणला."

"हा घ्या," चष्मेवाला दारातूनच म्हणाला, आणि स्वतःचा उतरवून दिला.

थोरल्यांनी वाचलं. पाणी गव्हास धोक्याचे. तारीखसुद्धा वाचायला लावली. पुढची ओळही वाचायला लावली. मोठ्या बाई शाळेत पाठ म्हणायला लावताना बघतात तशा चष्म्याच्या वरून बघत होत्या. "आणि वाटणी कधी झाली होती?" त्यांनी विचारलं. थोरल्यांनी चष्मा उतरवून परत चष्मेवाल्याकडं सरकवला.

"दादा," बघू मागून म्हणाला. हातातली इस्त्री त्यानं नीट उभी करून ठेवली होती. "शेत आमच्याकडं राहणार. पडवी तुझी तुला लखलाभ."

"ते कळलं रे," थोरले पुटपुटले. मग बराच वेळ गाठोड्याची गाठ सोडत आणि बांधत राहिले. "धाकटे... आमच्या विहिरीला जिप्सम किती लागेल?"

हे ऐकण्यासाठी तिनं दोन वर्षं माती उकरली होती. तिनं घाई केली नाही. एक अख्खा शर्ट इस्त्री केला: बाह्या, पाठ, खिसा, बटणपट्टी.

"माझ्या कागदावर माझ्या विहिरीचं माप आहे," मग ती म्हणाली. "तुमचं तुम्हाला काढून घ्यावं लागेल. बाटली भरा आणि मास्तरांकडे जा. तिथंही रांग असते. शेरा काय येतो तो घरी सगळ्यांना वाचून दाखवा. आणि हौदी बांधाल तेव्हा जाळी वीतभर उंच ठेवा. मी पहिल्यांदा कमी ठेवली होती, पाणी नीट चढेना."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिलाच स्वतःचा राग आला. ते वाक्य तिनं ठरवलेलं नव्हतं.

थोरले गेले. गाठोडं राहिलं. महिन्याभरानं बांधापलीकडं पांढरा धुरळा उडताना दिसला. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस घमेल्यातून भुकटी उधळत होता, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं उधळत असल्यामुळं निम्मी त्याच्याच तोंडावर येत होती. इस्त्रीबाई मागच्या दारात स्टूल टाकून ते शेवटच्या मुठीपर्यंत बघत बसली. वाऱ्याकडं पाठ करा, असं ती ओरडून सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही.

शर्ट पुन्हा तिच्याकडेच यायला लागले. थोरल्यांच्या विहिरीलाही आता हौदी बसली होती आणि जाऊबाईंच्या बादलीतला फेस मेला होता; कपड्यांचं पाणी हौदीच्या आधी काढायचं, हे इस्त्रीबाईनं त्यांना सांगितलं नव्हतं. सूड पूर्ण झाला असं इस्त्रीबाई कधी म्हणाली नाही. कॉलरच्या आत फुली आहे ती आहेच, ती शाई जात नाही. फक्त खळ तिनं निम्म्यावर आणली. आता भाऊजींची मान डावीकडं वळते. उजवीकडं, म्हणजे दुकानाकडं, अजून अख्खं अंग फिरवावं लागतं.